माहेरपणाला आलेली मांजर

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं वर्षालीचं झालं. एरवी ती खोटं बोलणारी बाई नव्हती. चांदूर बाजारची ही मुलगी लग्न होऊन अकोल्याला निमकर्ड्यांच्या घरी आली, तेव्हापासून सासूशी तिचं भांडण झालं असेल, अबोला झाला असेल, पण खोटं म्हणाल तर भाजीतल्या मिठापलीकडे कधी गेलं नव्हतं. आणि फाल्गुनातल्या त्या दुपारी ती दारात उभी होती. हातात झेंडूची टोपली, टोपलीवर ओलं पोतं, पोत्याखाली एक मांजर, आणि समोर सासू, दुर्गाबाई.

“कोनाची हाय थे?” दुर्गाबाईंनी विचारलं.

खरं उत्तर सोपं होतं. कोणाचीच नाही. फूलबाजारात निमकर्ड्यांचं दुकान आहे, तिथे सकाळी कुत्री मागे लागली म्हणून ही करड्या पाठीची मांजर टेबलाखाली घुसली. पोट इतकं जड की तिला धड पळताही येत नव्हतं. वर्षालीने बादलीभर पाणी मारून कुत्री हाकलली, दुपारपर्यंत मांजर तिथेच बसून राहिली, आणि दुकान आवरताना तिला तिथे सोडून येणं वर्षालीच्या जिवावर आलं. एवढंच. पण हे सांगायची सोय नव्हती, कारण आड ठाणेदाराची शपथ येत होती.

ठाणेदार म्हणजे दुर्गाबाईंचा बोका. चांगला थोराड, पिवळा, एका कानाचं टोक गेलेला. उंबऱ्यावर असा बसायचा की येणाऱ्याने आधी त्याची परवानगी काढावी, म्हणून ते नाव. केशवराव, म्हणजे वर्षालीचे सासरे, वारले त्या वर्षी तो पिल्लू म्हणून आला आणि मग कायमचा राहिला. दुर्गाबाई ओसरीत हार ओवत बसायच्या, शेजारी पोत्यावर ठाणेदार. बाई सुईशी बोलतात की बोक्याशी, हे गल्लीला कळत नसे. घरात सुनेला न सांगितलेल्या गोष्टी त्या बोक्याला माहीत होत्या, यात शंका नाही.

तो गेला दसऱ्याच्या दिवशी. म्हातारा झाला होता, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. पण दसऱ्याचा दिवस माळ्याच्या घरात मरायला सवड देत नाही. पहाटेपासून झेंडूची पोती उतरत होती, दारात गिऱ्हाइकं, वर्षालीचा नवरा स्वप्निल दुकानावरून फोनवर फोन करून हार मागत होता. ठाणेदार फुलांच्या ढिगाकडेला पडून दोनतीनदा बारीक आवाजात ओरडला. दुर्गाबाई म्हणाल्या, “थांब रे बाबू, येवढा हार होऊ दे.” तो हार झाला, मग पुढचा झाला. त्यांनी हात पुसून पाहिलं तेव्हा तो गेलेला होता.

स्वप्निलने त्याला मळ्यात, झेंडूच्या वाफ्याशेजारी पुरलं. तिथे दुर्गाबाईंनी मातीला हात लावून शपथ घेतली, की या घरात मी पुन्हा मांजर आणणार नाही. ज्याला शेवटच्या घटकेला मांडी देता आली नाही, त्याने जीव पाळू नये. रडल्या मात्र नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी हार ओवणं बंद केलं. हात दुखतात, म्हणाल्या. हात दुखत नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणार कोण? दिवाळी गेली, संक्रांत गेली. म्हातारी ओसरीकडे पाठ करून आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसायची, आणि टीव्हीवर काय चाललंय हे विचारलं तर तिला सांगता यायचं नाही.

तर असा सगळा प्रकार. म्हणून “कोनाची हाय थे?” या प्रश्नाला वर्षालीच्या तोंडून निघून गेलं, “साधनाची.”

“कोन साधना?”

“माही मैत्रीन नाई का, अमरावतीची. तिच्या घरी रंगकाम चालू हाय, सामान सारं बाहेर. अन् ही अशी पोटुशी. थे म्हने, बाळंतपनापुरती ठेवून घे. फुलाच्या गाडीत पाठवून देली तिनं.”

“मी शपथ घेतली हाय, वर्षाली.”

“पाळाची नाई ना आई. बाळंतपनाले आली हाय. माहेरी येते पोरगी, तशी.”

आता वऱ्हाडातल्या कोणत्याही दारात जाऊन पाहा. पाहुण्याला ‘आज जमत नाही’ म्हणता येईल, जावयालासुद्धा जिवावर उदार होऊन म्हणता येईल, पण बाळंतपणाला आलेल्या लेकीला दारातून परत पाठवणारी बाई अजून जन्माला यायची आहे. दुर्गाबाईंनी पोतं उचललं. मांजरीने मान वर करून पाहिलं. डोळे आत गेलेले, बरगड्या दिसत होत्या, आणि खाली ते एवढं पोट.

“सव्वा महिना,” दुर्गाबाई म्हणाल्या. “सव्वा महिना झाला का सासरी. मी तिले ठेवून घेनार नाई.”

“हो,” वर्षाली म्हणाली. मांजर डोळे मिटून दूध पिते तेव्हा तिला काय वाटतं ते त्या वेळी वर्षालीला विचारायला हवं होतं.

स्वप्निलला रात्रीच्या जेवणाआधीच सगळं कळलं. तो हसला. “मंग सव्वा महिन्यानं काय करशीन?”

“तेव्हाचं तेव्हा पाहू. तोपर्यंत जीव लागन त्यायचा. मंग थेच म्हनतीन, राहू दे.”

“माय माही हाय,” स्वप्निल म्हणाला. “शब्द देला का देला. तुयं तू निस्तर.”

पहिलं निस्तरणं दुसऱ्याच दिवशी आलं. दुर्गाबाई म्हणाल्या, त्या साधनाले फोन लाव. मांजर माह्या घरी बाळंत होनार, अन् तिच्या घरच्याशी मी बोलू नाई?

साधना अमरावतीला विम्याच्या ऑफिसात होती. तिला मांजर दिसलं तरी शिंका येतात. वर्षालीने फोन लावला आणि घाईघाईने म्हणाली, “साधना, आई बोलून राहिल्या, तुह्या मांजरीबद्दल, जे तू मले पाठवली, समजलं ना?” पलीकडे साधनाला काडीचं कळलं नव्हतं. पण मैत्री जुनी होती. एकाच खोलीत राहून, एकमेकींच्या घरी थापा मारून दोघींनी कॉलेज पार पाडलं होतं.

“नमस्कार काकू,” साधना म्हणाली.

“पयलीच खेप हाय का तिची?”

“हो… म्हंजे असंल.”

“असंल? घरची हाय ना तुमच्या?”

“घरचीच काकू. पन मी दिवसभर ऑफिसात राहतो.”

“बरं, खाते काय? तिले आवडते काय?”

“पोहे,” साधनाने ठोकून दिलं. ती त्या वेळी डबा उघडून पोहे खात बसली होती.

दुर्गाबाईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, “पोहे! पोटुश्या जिवाले पोहे चारून राहिले. म्हनून तिच्या बरगड्या दिसतात.” शितावरून भाताची परीक्षा झाली होती. त्या क्षणापासून साधनाचं घर हे दुर्गाबाईंच्या लेखी एक वाईट सासर झालं, आणि पोटुशी मांजर ही तिथून सुटून आलेली एक गरीब पोर. त्यांनी गॅसवर दुधात ज्वारीच्या कण्या शिजत ठेवल्या. महिनोन् महिने त्या स्वयंपाकघरात आपणहून आल्या नव्हत्या. वर्षाली बाजूला कांदा चिरत होती, तिने मान खाली घातली आणि डोळ्यांतल्या पाण्याचं खापर कांद्यावर फोडलं.

चैत्र लागला. अकोल्याचं ऊन ज्याने सोसलं नाही, त्याला कूलरची किंमत सांगून कळायची नाही. स्वप्निलने माळ्यावरून कूलर काढला, धुतला, नवा वाळा भरायचा म्हणून बाजूंच्या जाळ्या काढून ओसरीत ठेवला आणि दुकानावर गेला. परत येतो तो काय, कूलरच्या पोटात, जुन्या वाळ्याच्या ढिगावर, मांजर व्यालेली. तीन पिल्लं. आणि दुर्गाबाई कूलरसमोर पाट टाकून बसलेल्या, कोणी आत डोकावू नये म्हणून एका बाजूने जुनं लुगडं बांधलेलं.

“आई, कूलर पायजे ना आपल्याले,” स्वप्निल म्हणाला.

“बाळंतिनीले उठवू? जीभ झडन तुही.”

त्या वर्षी निमकर्ड्यांनी चैत्र कूलरशिवाय काढला. गल्लीत ज्याने ऐकलं तो हसला. शेजारच्या सुंदराबाई तर मुद्दाम पाहायला आल्या, आणि पाचवीला पूजा करता का विचारू लागल्या. थट्टेने विचारलं होतं, पण दुर्गाबाईंनी पाचव्या दिवशी खरोखरच कूलरपुढे दिवा लावला. सटवाई मांजराच्या पिल्लांच्या कपाळी काही लिहिते की नाही ते तिचं तिला ठाऊक. आपल्या बाजूने कमी पडायला नको, असं त्यांचं म्हणणं. सुंदराबाईंनीच मग घरून वाटीभर साय आणून दिली.

सगळं वर्षालीच्या मनासारखं चाललं होतं. एकच गोष्ट तिला खटकायची. दुर्गाबाई मांजरीचं सगळं करत, पण तिला नाव ठेवत नव्हत्या. “नाव ठेवाचा मान सासरचा,” म्हणायच्या आणि ‘पाहुनी’ म्हणून हाक मारायच्या. मांजर पायांत घोटाळली तर त्या हात मागे घ्यायच्या. वाटी पुढे सरकवायच्या, पिल्लांखालचं फडकं बदलायच्या, पण उचलून मांडीवर म्हणून कधी घेतलं नाही. ठाणेदार अजून मनातून जात नाही, असं वर्षालीने स्वतःला समजावलं.

एका दुपारी ती पाणी प्यायला उठली तर दुर्गाबाई ओसरीत बसलेल्या. बाहेर रस्ता पांढरा पडला होता, चिटपाखरू नव्हतं. मांजर पिल्लांना निजवून बाहेर आली होती आणि ठाणेदाराच्या पोत्यावर पसरली होती. ते पोतं दुर्गाबाईंनी कोणाला उचलू दिलं नव्हतं. वर्षालीला वाटलं आता हाकलतील.

“मले वाटलं, त्याले राग येईन,” दुर्गाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या. “पन त्याचा सभावच नव्हता तसा. गल्लीतल्या उपाशी मांजराले आपल्या वाटीतलं खाऊ दे थो. उंबऱ्यावर बसून पाहे फकस्त.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मी त्याले थांब म्हनली, वर्षाली. थो थांबलाही. मीच नाई गेली.”

वर्षाली शेजारी बसली. थोड्या वेळाने दुर्गाबाईंनी सुई मागितली. घरात मोगरा आलेला होता, त्याचे गजरे करायचे होते. आंधळ्याने ओवावा तसा सुरुवातीला त्यांचा हात चाचपडला आणि मग पूर्वीसारखा चालू लागला. मांजर दोऱ्याच्या टोकाकडे पाहत पडून होती.

पण सव्वा महिना काही कोणासाठी थांबत नाही. वैशाख लागला, पिल्लं ओसरीभर धावू लागली, आणि एका सकाळी दुर्गाबाईंनी पंचांग पाहिलं. गुरुवार चांगला आहे म्हणाल्या. त्यांनी पेटीतून नवा खण काढला, नारळ आणला, आणि रव्याचे लाडू करायला घेतले.

“हे कायले?” वर्षालीने विचारलं, पण तिला कळलं होतं.

“पाठवनी हाय ना. लेक रिकाम्या हातानं पाठवतेत का? तिच्या घरच्यायनं पोहे चारले असतीन, पन आपुन आपली रीत सोडाची नाई.”

“आई, राहू द्या ना आनखी. साधनाची काई घाई नाई.”

“त्याईची नसंल. पन माहेरी लेक जास्त ठेवली का तिचं तिथलं घर तुटते. मी शब्द देला हाय.” लाडू वळता वळता त्यांचा हात थांबला. “अन् पिल्लं मायसंगच जातीन. एकही ठेवाचं नाई.”

आता सांगायला हवं होतं. वर्षालीने स्वप्निलकडे पाहिलं, स्वप्निलने पंख्याकडे पाहिलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर ती उंदरांनी, आणि त्या घरात उंदीर दोघेच होते. पण वर्षालीची जीभ उचलेना. नुसतं खोटं असतं तर तिने पाय धरले असते. हे खोटं शपथेला वळसा घालून घरात शिरलं होतं. ठाणेदाराच्या मातीला हात लावून घेतलेली शपथ सुनेने चलाखीने मोडली, हे कळलं तर म्हातारी त्याच दिवशी मांजर दाराबाहेर ठेवील, ओसरीकडे पाठ करील आणि सुई पुन्हा हातात धरणार नाही. तिला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती.

गुरुवारी सकाळी दुर्गाबाईंनी टोपलीत नवं फडकं अंथरलं. तिन्ही पिल्लं आत ठेवली. मांजर आपणहून त्यांच्यामागे गेली. दुर्गाबाईंनी तिच्या कपाळाला बोटाच्या टोकाने हळदकुंकू लावलं, तेवढाच स्पर्श, आणि “नीट राहजो” म्हणाल्या. मग उन्हाचं निमित्त करून आत निघून गेल्या. वर्षालीने आतून नळ फिरवल्याची कुरकुर ऐकली. नळाला त्या वेळी पाणी आलेलं नव्हतं हे तिला टेम्पोत बसल्यावर आठवलं.

फुलांच्या टेम्पोतून ती अमरावतीला गेली. मूर्तिजापूरपर्यंत ती काहीतरी युक्ती शोधत होती, बडनेऱ्यापर्यंत तिने नाद सोडला. साधनाने दार उघडलं, टोपली पाहिली आणि शिंकली.

“आत आनू नको,” ती म्हणाली. “लाडू आन.”

दोघी गच्चीच्या जिन्यात बसल्या. टोपली दोन पायऱ्या खाली. साधनाने लाडू खाल्ला, खणाचा काठ पाहिला, आणि हा तर मी ठेवणारच म्हणाली, सासूपणाचा मान आहे. मग शिंकून म्हणाली, “जाऊन सांग, सासरच्यायनं ठेवून घेतली नाई म्हनून. मले तर हे जमनार नाई बाप्पा, मरून जाईन मी.”

“मंग थ्या परत पाठवतीन. समजावून पाठवतीन.”

“तर खरं सांग.”

“तू सांग ना खरं, येवढं सोपं हाय तं.”

साधनाने दुसरा लाडू उचलला. मांजर टोपलीतून बाहेर येऊन अनोळखी जिन्याचा वास घेत होती. दोन पायऱ्या चढली, पिल्लांकडे वळून पाहिलं, आणि परत जाऊन बसली. वर्षालीला तिच्याकडे पाहून एकदम रडू आलं. आपण हिला एका दारातून दुसऱ्या दारात फिरवतोय, आणि दोन्ही दारं आपल्याच डोक्यातून निघालेली.

संध्याकाळी टेम्पो अकोल्याला पोचला तेव्हा दुर्गाबाई उंबऱ्यावर बसलेल्या होत्या. टोपली पाहून त्या उभ्या राहिल्या.

“परत आनली?”

“ठेवून घेतली नाई त्यायनं,” वर्षाली म्हणाली. साधनाने शिकवलेलंच वाक्य बाहेर आलं, दुसरं जवळ नव्हतं.

दुर्गाबाईंनी टोपली तिच्या हातून घेतली. ओसरीत नेऊन ठेवली. पाण्याची वाटी भरून आणली. मांजर घटाघटा पाणी पिऊ लागली, तिच्याकडे पाहत त्या खाली बसल्या, आणि वर्षालीने सासूचा जो आवाज कधी ऐकला नव्हता, तो ऐकला.

“कावून? काय खोट होती तिच्यात? तीन लेकरं घेऊन गेली होती बिचारी, चोरी केली होती का?”

“आई…”

“मीही गेली होती अशी,” दुर्गाबाई म्हणाल्या. “तुले माहीत नाई. स्वप्न्यालेही नाई. लग्नाले वर्ष झालं नव्हतं. सासू पोटभर जेवू दे नाई. एक दिवस मी उठली अन् बार्शीटाकळीले निघून गेली, माह्या बापाकडे. बाप बाजेवर बसला होता. शिव्या नाई, मार नाई, काईच नाई. म्हने, आली तशी जेव, सकाळी यष्टी हाय. बस, येवढंच. सकाळी माय भाकरी बांधून देत होती, तं माह्याकडे पाहे नाई. मी यष्टीत बसली तं वाटलं, आता आपलं घर म्हनून कोनतंच नाई. इथलंही नाई, तिथलंही नाई.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “तुहा सासरा भला मानूस होता, पुढं सारं चांगलं झालं. पन थे सकाळ गेली नाई माह्या जिवातून. मी हिले पाठवनार नाई. शपथ गेली खड्ड्यात. ठानेदार पाहून घेईन माह्याकडे. अन् तुह्या मैत्रिनीले मी उद्या जाऊन विचारतो, का बाई, तुले लाज कशी…”

“मांजरीले सासर नाई, आई.”

“काय?”

“सासरच नाई तिले. मी खोटं बोलली.” एकदा बांध फुटला तसं सगळं बाहेर आलं. फूलबाजारातली कुत्री, टेबलाखालचं मांजर, रंगकाम नव्हतंच, साधनाला मांजराने शिंका येतात, तिने घरी कधी मांजर पाळलं नाही. “तुमी शपथ घेतली होती म्हनून. तुमी ओसरीत बसत नव्हत्या, हार ओवत नव्हत्या, मले पाहवत नव्हतं. मले वाटलं बाळंतपनाले म्हनली तर तुमी नाई म्हननार नाई. मारा मले पायजे तं.”

स्वप्निल दाराच्या आतल्या बाजूला उभा होता, तो तिथेच उभा राहिला. दुर्गाबाई मांजरीकडे पाहत होत्या.

“मंग थो खन?” त्यांनी शेवटी विचारलं.

“साधनानं ठेवून घेतला.”

“फुकटचा!” दुर्गाबाई म्हणाल्या. आणि मग, फार हळू, “म्हंजे हिले न्याले कोनी येनार नाई?”

“नाई.”

“कधीच?”

“कोनीच नाई आई तिचं.”

दुर्गाबाईंचा चेहरा वाकडा झाला. “सव्वा महिना मी जीव आखडून बसली, वर्षाली,” त्या म्हणाल्या. “पायात येये तं मी हात मागं घेओ. रोज मनाले सांगो, दुसऱ्याची हाय, हात लावू नको, जाईन तं पुन्हा तसंच होईन तुह्यं. तुले हसू येत असंल. येवढ्याश्या मांजरीचं तोंड पाहाले मी भीत होती.”

वर्षालीला हसू येत नव्हतं. ठाणेदार मनातून जात नाही म्हणून म्हातारी हात मागे घेते, असं ती समजत होती. तो हात तिच्याच खोट्याने बांधून ठेवला होता. तिने सासूचे पाय धरले. दुर्गाबाईंनी तिच्या पाठीवर एक धपाटा घातला, चांगला जोरात, आणि मग तोच हात तिथे ठेवून त्या रडू लागल्या. दसऱ्याला रडल्या नव्हत्या ते सगळं. मध्येच “माहा ठानेदार, माहा बाबू” म्हणत होत्या. स्वप्निल येऊन दुसऱ्या बाजूला बसला. कोणी कोणाला गप्प केलं नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि टोपलीत हात घालून मांजरीला उचललं. मांडीवर घेतलं. मानेखाली बोटं फिरवली, कानामागे, पाठीवर, शेपटापर्यंत. मांजरीला या गोष्टीची सवय नव्हती. ती थोडा वेळ ताठ बसून राहिली, आणि पिल्लू ओरडलं तसं अंग सोडवून मांडीवरून उतरून गेली. वर्षाली तिला धरून परत आणायला उठली.

“राहू दे,” दुर्गाबाई म्हणाल्या. “जाऊ दे तिले. घरातच हाय ना.”